मी खाल्लेली भिंत

कुणाला डोहाळे चिंचांचे लागतात, कुणाला कैरीचे. मला भिंतीचे लागले. तेही कुठल्याही भिंतीचे नाही. निघोज्यात आमच्या सासरघरी मधल्या खोलीत धान्याची कणगी होती, तिच्या मागचा कोपरा मला लागायचा. दुपारी सासू रानात गेली की मी कणगीआड बसायचे, नखानं माती खरवडायचे आणि पेढा खावा तशी जिभेवर ठेवायचे. पोटुशी बाई चुलीतली भाजकी माती खायची त्याला कुणी नावं ठेवत नसे. पण राहतं घर खायचं म्हणजे जरा जास्तच झालं. सुना घर खातात असं लोक नुसतंच म्हणतात, मी खरंच खात होते.

माझी आई मी लहान असतानाच गेली होती. त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही माहेरी मारुंजीला जायचा प्रश्न नव्हता. जे काय व्हायचं ते सासूच्या हातून, आणि सासूचं नि माझं तेव्हा विळ्याभोपळ्याचं सख्य. ती म्हणायची मला भाकरी थापता येत नाही. मी म्हणायचे तिला खाता येत नाही. अर्थात मनातल्या मनात.

त्याच वर्षी हिवतापाच्या डासांवर डीडीटी मारायला सरकारनं गावोगाव माणसं धाडली आणि आमच्या मालकांना त्यात काम मिळालं. एकानं बादलीतला पंप हाणायचा, दुसऱ्यानं लांब नळी घेऊन भिंती वरपासून खालपर्यंत भिजवायच्या. मालक पंप हाणायचे. खाकी चड्डी मिळाल्यापासून त्यांची चालच बदलली. जेवतानाही ते हिशेबात नसलेल्या माणसाकडं बघावं तसे आमच्याकडं बघायचे.

फवारणीच्या आधी चावडीवर सगळ्यांना गोळा केलं. माणसाला यानं काही होत नाही, असं फवारणीवरच्या साहेबांनी सांगितलं आणि खात्री पटावी म्हणून चिमूटभर पावडर स्वतःच्या जिभेवर ठेवून दाखवली. लोकांनी माना डोलावल्या. साहेब पुरुष होते आणि त्यांना दिवस गेलेले नव्हते, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

आमच्या घरी मालकांनी दोनदा फवारून घेतलं. बाळंतिणीच्या खोलीत डास नकोत म्हणून मधल्या खोलीवर त्यांचा विशेष जीव. दुसऱ्यांच्या बायकांना नवरे गजरा आणत, मला डीडीटीचे दोन थर मिळाले. वर सगळ्या गावाला दटावणी, की सहा महिने भिंती सारवायच्या नाहीत, नाहीतर औषध झाकलं जातं. गावातले ढेकूण पटापट मेले, तेव्हा लोकांनी सरकारला भरभरून दुवा दिला आणि आठच दिवसांत दिवाळी आली म्हणून घरोघर भिंती सारवून टाकल्या. मालकांचा नुसता संताप.

सारवली नाही ती एकट्या आमच्या सासूनं. लेक सरकारात कामाला, मग ती कशी हात लावेल? पाणवठ्यावर जाऊन बायकांना ऐकवायची, "आमच्या भिंतीला म्या बोट लावलं न्हाई." ऐन दिवाळीत आमचंच घर पांढऱ्या ठिपक्यांचं, आणि त्याचाच तिला ताठा.

मी तीन दिवस कणगीमागं गेले नाही. चौथ्या दिवशी गेले. मातीला औषधाचा उग्र वास येत होता, चवही बिघडली होती. तरी मी खाल्ली. डोहाळ्याला अक्कल नसते आणि तेव्हा मलाही नव्हती.

मग आमची मांजर तिरकी चालायला लागली. भिंतीला अंग घासायचं, मग अंग चाटायचं, हा तिचा दिवसभराचा उद्योग. दोन दिवस ती उंबऱ्याला धडकत फिरली. तिसऱ्या दिवशी गेली ती परत आलीच नाही. सासू म्हणाली, कुठंतरी ताडी पिऊन पडली असेल. मी मात्र पोटावर हात ठेवून बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली आणि त्याच दिवशी दुपारी मी पुन्हा कणगीमागं होते.

एव्हाना कोपऱ्यात चांगला खळगा पडला होता. मालकांनी तो पाहिला आणि उंदरांवर ठपका ठेवला. एवढं जालीम औषध आणि उंदीर ते चाटूनपुसून खातात, याचा त्यांना अपमान वाटला. त्यांनी चाकणच्या बाजारातून सापळा आणला, भाकरीचा तुकडा लावला आणि मला न सांगता खळग्यापाशी मांडला. पुढं काय झालं ते सांगायला नको. उंदराऐवजी माझं मधलं बोट सापडलं. केर काढत होते, असं मी सांगितलं. कणगीमागं, भर दुपारी, केरसुणीशिवाय. सासूनं माझ्या बोटाला हळद लावली, चिंधी बांधली आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. मला वाटलं, सुटले.

मुलगा झाला. गोरागोमटा, गुटगुटीत आणि अतिशय निवांत. शेजारची पोरं पालथी पडली, हा उताणाच. ती रांगायला लागली, हा त्यांच्याकडं बघून हसायचा. वर्षाचा होत आला तेव्हा कुठं बसला, तोही कलता. दोन वर्षं झाली तरी पायावर उभा नाही आणि तोंडातून शब्द नाही. पांगुळगाडा केला, तो त्याला ढकलायचा नसे, चाटायचा असे. वेखंड उगाळून चाटवलं. कानामागं थाळी वाजवली. आळीतली कुत्री पळाली, पण ह्यानं मान वळवली नाही, कारण समोर कोंबडा चालला होता आणि तो जास्त महत्त्वाचा होता.

कुणीतरी सांगितलं की पोपटानं चोच मारलेला पेरू दिला की मूल बोलतं. मालक दोन दिवस नदीकाठच्या पेरूखाली आ वासून उभे होते. तिसऱ्या दिवशी विजयी चेहऱ्यानं पेरू घेऊन आले. सासूनं तो फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, पोपटाचा पुढचा दात कधी पडला? मालकांचा पुढचा दात पडलेला होता. पेरू पोरानं खाल्ला. आता हा बापासारखा बोलणार म्हणजे झालंच, असं सासू म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. मी हसता हसता उठून परसात गेले आणि पदर तोंडात कोंबून उभी राहिले. मांजर कशी चालायची ते मी विसरले नव्हते.

पोरगा पुढं चालला आणि बोललाही. अडीच वर्षांचा झाल्यावर उभा राहिला, चौथ्या वर्षी बोलला. आज त्याचीच नातवंडं त्याला आजोबा, आता पुरे, म्हणतात. औषधानं उशीर झाला की तो मुळातच निवांत होता, ते मला आजही ठाऊक नाही. पोटुशीनं फवाऱ्यापासून लांब राहावं असं आता डॉक्टर बजावतात, तेव्हा मी टीव्हीचा आवाज कमी करते. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा तो दोन वर्षांचा होता, मुका होता, आणि ते माझ्यामुळं झालं हे फक्त मला माहीत होतं.

मी ते कधीच कुणाला सांगितलं नसतं. पण सासूनं मीठ सोडलं. पाचवीच्या दिवशी सटवाईपुढं पाटी-लेखणी ठेवायची ती गडबडीत विसरली होती. सटवाई आली, लिहायला काही मिळालं नाही, म्हणून पोराचं कपाळ कोरं राहिलं. सगळी चूक आपली, असं तिनं ठरवून टाकलं आणि पोर बोलेपर्यंत अळणी खायचा नेम धरला. आधीच तिचा स्वभाव तिखट, त्यात मीठ बंद. आठवडाभर घरात कुणाची धडगत नव्हती. मी तिच्यासाठी वेगळं कालवण काढायचे, ती ते नाक मुरडत गिळायची आणि पोराच्या कपाळावरून हात फिरवत बसायची. महिन्याभरात तिचे गाल बसले.

एक दिवस तिच्या ताटात अळणी आमटी वाढताना माझा हात थांबला. मी पळी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. कणगी, खळगा, मांजर, सगळं. औषध मारल्यावरही खात होते, अगदी बाळंतपणापर्यंत, हेही सांगितलं. मालकांना सांगा, मला मारुंजीला पाठवा, पण तुम्ही मीठ खा, असं म्हणाले.

सासू जेवायची थांबली नाही. घास गिळून म्हणाली, "ठावं हाय मला. तुझं बोट सापळ्यात घावलं, तवाच कळलं."

मी खाली ठेवलेली पळी पुन्हा हातात घेतली. ती पुढं म्हणाली,

"त्या दिसापासनं रोज सकाळी मी त्या कोपऱ्याला नव्या मातीचा हात मारायची. तांबडी माती, नदीवरची, चाळून घेतलेली. तू खाल्लीस ती माझी माती. औषध न्हाई."

मी तो खळगा रोज बघत होते. बाळंतपणापर्यंत तो वाटीएवढा खोल झाला होता आणि तळापर्यंत भिंतीची जुनी पांढरी मातीच दिसत होती. तांबड्या मातीचा एक कण त्यात कधी पडला नव्हता. भिंतीला बोट लावलं नाही म्हणून तर ही बाई पाणवठ्यावर मिरवत होती. ती साफ खोटं बोलत होती, आणि खोटं बोलायची सवय नसल्यानं माझ्याकडं न बघता आमटीकडं बघून बोलत होती.

"खरं सांगता, आत्याबाई?" मी विचारलं.

"तर काय. मी काय खोटं बोलीन?"

मी व्हय म्हणाले. मग पळी तशीच टाकून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि आई गेल्यापासून रडले नव्हते तेवढी रडले. तिनं उष्ट्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं, त्यामुळं केसांना आमटी लागली, आणि ती दुसऱ्या दिवशी तिनंच बसून धुऊन काढली.