‘सोसायला शिका,’ मालक म्हणाले

माझ्या बाला हौदावर ओणवं केलं, तेव्हा भर दुपार होती.

उन्हाळ्याचे दिवस. मालकांच्या विहिरीवर मोटर चालू. हौद काठोकाठ भरलेला आणि आमची मेंढरं त्याला तोंड लावून पाणी पीत होती. त्यात नवं काही नव्हतं. त्या साली आमचा कळप मालकांच्या मोकळ्या रानात बसवला होता. लेंड्यांचं खत त्यांच्या रानाला, त्याच्या बदल्यात आम्हाला ज्वारी आणि मेंढरांना पाणी. हे मालकांनीच ठरवलं होतं, स्वतःच्या तोंडानं.

पण त्या दिवशी त्यांच्याकडं शहरातले पाहुणे आलेले. आंब्याखाली खुर्च्या टाकलेल्या. त्यातल्या एकानं हौदाकडं बघून नाक मुरडलं. बस्, एवढंच. मालकांनी बाला हाक मारली. बा काठी टाकून पळत आला.

“हौद तुला कुणी दाखवला रे?”

“मालक, तुमीच म्हणले होते की.”

पाहुण्यांसमोर बाने मालकांना त्यांचाच शब्द सांगितला. खरा शब्द. तिथंच चुकलं, असं पुढं गाव म्हणायचं.

“मी म्हणलो होतो? बरं. मेंढरायला पाजलास, आता तू बी पी. मेंढरावानी. हात लावायचा न्हाई.”

बाला वाटलं मस्करी. तो हसला जरासा. मग मालकांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि खाली दाबलं. बा गुडघ्यावर बसला. दोन्ही हात पाठीमागं घेतले. ते कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं आपणहून घेतले. तोंड पाण्यात घातलं. एका मेंढीनं सरकून त्याला जागा करून दिली.

पाहुणे हसले. बांधावर जमलेली गावची माणसं बघत राहिली.

“अजून,” मालक म्हणाले. “अजून पी.”

मी मायचा पदर धरून उभी होते. चौथीत असेन. मायनं माझं तोंड स्वतःच्या पोटाशी दाबलं, मला दिसू नये म्हणून. पण कान उघडेच होते. बाचा पाणी पितानाचा आवाज मला ऐकू येत होता.

माझी मोठी बहीण, आक्का, सातवीत होती. ती आमच्याजवळून निघाली आणि तडक हौदापाशी गेली, तेव्हा मी मान सोडवून बघितलं. मालकांच्या समोर उभी राहिली. तिचं डोकं त्यांच्या छातीलाही लागत नव्हतं.

“सोडा त्याला. माझा बा माणूस हाय.”

मालकांनी तिच्या कानाखाली मारली. कानातलं डूल निसटून चिखलात पडलं, कानाची पाळी फाटली. आक्का रडली नाही. तिनं खाली वाकून डूलही शोधलं नाही. तशीच उभी.

“पोरगी शाळेत घालून माजवलीस तू,” मालक बाला म्हणाले, आणि खुर्चीवर जाऊन बसले.

बा उठला. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. “चला,” म्हणाला. मेंढरांना की आम्हाला, ते कळलं नाही.

माझा बा कसला माणूस होता ते सांगते. त्याच साली पावसाळ्यात मालकांचं वासरू ओढ्याच्या गाळात रुतलं. गडी काठावर उभे राहून ओरडत होते. बा आत उतरला. छातीपर्यंत गाळ. वासरू खांद्यावर घेऊन वर आला. घरी आल्यावर मायनं त्याच्यापुढं भाकरी आदळली. “लाज न्हाई का तुमाला? त्याच्या वासरासाठी जीव द्यायलाव?”

बा म्हणाला, “वासराचा काय गुन्हा?”

असला माणूस. राणीसावरगावच्या बाजारात कुणी लंगडी मेंढी चांगली म्हणून विकायला निघाला, तर हा बाजूला उभा राहून गिऱ्हाइकाला डोळ्यानं खुणावायचा. त्यानं कुणाचं वाईट केलेलं मी पाहिलं नाही. त्याचं वाईट झालेलं मात्र रोज पाहिलं.

हौदानंतर आक्काची शाळा सुटली. शाळेच्या कमिटीवर मालकच होते. गुरुजी घरी आले, अवघडून दारातच उभे राहिले. म्हणाले, पोरीनं एकदा मालकांच्या पाया पडावं, म्हणजे विषय मिटेल. आक्का म्हणाली, “मी न्हाई पडणार.” तिच्या वतीनं बा जाऊन पाया पडला. तरी भागलं नाही. पडायला तीच पाहिजे होती. ती गेली नाही. दिवाळीच्या आत तिचं लग्न लावून दिलं, ऊसतोडीला जाणाऱ्या घरात. बा घाबरला होता. पोर मोठी व्हायलीय, बोलायलीय, उद्या काय होईल, असं तो रात्रंदिवस म्हणायचा. ती पोर तेव्हा तेरा वर्षांची होती. सगळ्या गावाला माहीत होतं, आणि सगळं गाव जेवून गेलं.

मला पाढे आक्कानंच शिकवले होते. मेंढरांमागं चालता चालता. माझ्यापेक्षा ती शंभर पटीनं हुशार. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. तसंच होतं ते.

मायला एकच प्रश्न पडलेला. आपण कुणाचं काय वाईट केलं? लग्नानंतर आक्का पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा माय आम्हा दोघींना पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला घेऊन गेली. पायरीवर बसून तिनं प्रल्हादाची गोष्ट सांगितली. त्याला कड्यावरून ढकललं, आगीत बसवलं, तरी त्यानं नाव सोडलं नाही. मग खांब फुटला आणि देव आला. आक्का सगळं ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं, “माय, प्रल्हाद राजाचाच पोरगा होता ना?”

“व्हय.”

“मंग मेंढक्याच्या पोरीसाठी खांब फुटतो का?”

मायनं तिला गप केलं.

त्या साली गावात सप्ताह झाला. मालकांनी सगळ्या गावाला जेवण दिलं, पुढं गादीवर बसले. प्रवचनाला बाहेरून आलेले महाराज म्हणाले, देव आपल्या लाडक्या भक्तालाच दुःख देतो. बायकांनी माना हलवल्या. मायनं पदरानं डोळे पुसले. तिला उत्तर मिळालं होतं.

आक्का माझ्या कानाशी लागली. “म्हंजे मालक देवाचा लय नावडता दिसायलाय.”

आम्ही दोघी तिचा पदर तोंडात कोंबून हसलो. आक्काला असं हसताना मी शेवटचं तेव्हाच पाहिलं.

पुढं मी शिकले. गंगाखेडला वसतिगृहात राहिले. तिथंही बोलणी खाल्ली, अंगाला मेंढराचा वास येतो म्हणून पोरी माझी खाट दाराकडं सरकवायच्या. नर्सिंग केलं. सरकारी दवाखान्यात लागले. तोपर्यंत आक्कानं उसाच्या फडात दोन लेकरं जन्माला घातली होती. तिशीच्या आत तिची गर्भाची पिशवी काढून टाकली. मुकादम म्हणाला होता, पाळीच्या दिवसांत खाडे होतात, काढलेली बरी. पाठीतून ती अशी वाकली, की मागून कुणीही तिला म्हातारी समजावं.

गेल्या हिवाळ्यात गावच्या शाळेनं मला बोलावलं. सत्कार होता. शाळेच्या पटांगणात मांडव, खाली लेकरं, मागं गाव. आक्का गावातच होती, त्या साली तिच्यानं ऊसतोडीला जाणं झालं नाही. बायकांमध्ये भिंतीला टेकून बसलेली. बा चपला काढून मांडवाच्या बाहेर. अध्यक्ष मालक. पांढरेशुभ्र कपडे, हातात काठी, थकलेले. मला बघून हसले. बाप लेकीला बघून हसतो तसे.

मग भाषण झालं. मालक म्हणाले, “ही पोरगी माझ्या रानात मेंढरं चारायची. माझ्या हौदावर पाणी पिऊन मोठी झाली. अनवाणी फिरली, उपाशी झोपली. त्या दुःखानंच हिला घडवलं. दगडाला घाव बसल्याबिगर मूर्ती होत न्हाई. लेकरांनो, तुमी बी सोसायला शिका. सोसंल त्यालाच देव देतो.”

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत आमच्या वस्तीवरची लेकरं बसली होती, उसाच्या हंगामात आजी-आजोबांकडं ठेवलेली. तीही टाळ्या वाजवत होती. सोसायला शिका, हे त्यांनाच सांगितलं होतं. मालकांची नातवंडं त्या शाळेत नव्हती.

मालक हौद विसरले असतील, हे मी धरून चालले होते. पण ते विसरले नव्हते. त्यांनी त्याचा उपकार करून ठेवला होता. माझ्या बाचं तोंड पाण्यात दाबलं, आणि त्याचं श्रेयसुद्धा त्यांनाच पाहिजे होतं.

इतकी वर्षं मी त्यांना अहो-जाहो करत आले. मनातल्या मनातसुद्धा. जिभेचं वळण. ते तिथं संपलं.

तो शाल घेऊन पुढं आला. मी हात आडवा धरला. “शाल नको,” म्हणाले. माईक समोरच होता.

“मला दुःखानं घडवलं न्हाई. दुःखानं माणूस घडत असता, तर माझी बहीण माझ्या दसपट मोठी झाली असती. एकाच घरात वाढलो, एकच भाकर खाल्ली, एकच मार पाहिला. ती माझ्यापेक्षा हुशार होती. माझ्यापेक्षा धीट होती. ती खरं बोलली, म्हणून मोडली. माझ्याकडं तेव्हा कुणाचं लक्ष गेलं न्हाई, म्हणून मी वाचले. लेकरांनो, सोसू नका. कुणी मारलं तर घाव घाव म्हणून मिरवू नका. कुणी मारलं ते सांगा.”

हेडमास्तर उठले. मालक म्हणाला, “पोरी, जुनं उकरून काय भेटतंय? मी तर तुझं कौतुक करायलोय.”

तेव्हा बायकांमधून आक्का उठली. तिला पुढं ये असं मी म्हटलं नव्हतं. तिला कुणासमोर उभी करायचं माझ्या मनातही नव्हतं. ती भिंतीला धरून उठली, आपणहून. वाकलेली. आवाज मात्र तोच, सातवीतला.

“हौदावर मी होते. माझ्या बाची मान धरून तुमी त्याला पाणी पाजलं. मेंढरावानी. आमी सगळ्यांनी पाहिलं. गावानं बी पाहिलं.”

माईक बंद झाला. पण तिला माईक लागला नव्हता. काही माणसं उठून गेली. एक म्हातारा मान खाली घालून म्हणाला, “खरं हाय ते.” एवढाच एक. मालकाचा पोरगा माझ्या अंगावर धावून आला, त्याला दोघांनी धरलं. शाल खुर्चीवर पडून राहिली. आम्ही घरी आलो.

पुढं काय झालं, तेही सांगते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. मालकानं माफी मागितली नाही. गावातलं एकही रान आता आमच्या मेंढरांना मोकळं नाही. बा लांब लांब जातो. दवाखान्यात माझ्याविरुद्ध अर्ज आला, की ही बाई गावात भांडणं लावते. मला साहेबांसमोर उभं राहून उत्तर द्यावं लागलं. मी दिलं. कुणाचं मन बदललं नाही. देवानं न्याय केला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बा माझ्यावर चिडला होता. “काहून बोललीस? आता जित्राबं कुठं न्यावी?” आक्का चुलीपाशी. मग बा खाली बघत म्हणाला, “मला त्या दिवशी तान लागली नव्हती, पोरी.”

एवढ्या वर्षांत हौदाबद्दल तो बोललेलं ते पहिलं वाक्य. आक्कानं फुंकणी खाली ठेवली. मायनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आक्काची पोरगी आता माझ्याजवळ असते, शाळेत जाते. तिचं लग्न कुणी काढलं तर आधी माझ्याशी गाठ आहे, हे मी तिच्या बापाला तोंडावर सांगितलंय.

दवाखान्यात रोज बाया येतात. सुजलेले डोळे, मोडलेली हाडं, भाजलेले हात. विचारतात, “सिस्टर, मी कुणाचं काय वाईट केलंय?” पूर्वी मी म्हणायचे, होईल सगळं नीट, देव बघतोय. आता म्हणत नाही.

परवा एक आली. मनगट मोडलेलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, “नशीब.” सासू बाजूलाच उभी. सासूला मी बाहेर काढलं, दार लावलं.

“नशिबाला हात नसतेत, बाई. हात कुणाचा होता?”

ती रडायला लागली. मी थांबले. मला घाई नव्हती. मग तिनं नाव सांगितलं. मी ते केसपेपरवर लिहिलं आणि पोलिसांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरचे भांडायला आले. येऊ द्या. पुढच्या बाईलाही मी हेच विचारणार आहे.