झिपरूची माय आणि रसायनाचं पारितोषिक

सोनगीरच्या धुरपदाबाईची पहिली तीन पोरं पाळण्यातच गेली. चौथ्याचं नाव तिनं ठेवलं झिपरू. असलं ओबडधोबड नाव ठेवलं की पोराला नजर लागत नाही, ही आमच्याकडची जुनी समजूत. तेवढ्यावर ती थांबली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण कुणी पोराचं कौतुक केलं की ही लगेच त्याची निंदा करायची. मास्तर म्हणाले, हुशार आहे, की ही म्हणणार, "कसाना हुशार? दगड शे निस्ता!" दुधानं तोंड पोळलेली बाई, ताकही फुंकून पीत होती.

हा दगड जळगावच्या कॉलेजात रसायनशास्त्रात पहिला आला. मीही त्याच वर्गात होतो. कितवा आलो ते विचारू नका. कोवळी ज्वारी खाऊन गुरं तडफडून का मरतात, याचा झिपरूनं ध्यास घेतला होता. कोवळ्या ताटात विष किती असतं, हे त्यानं प्रयोगशाळेत मोजून दाखवलं. १९५५ साली विद्यापीठाच्या रसायन आणि जीवरसायनाच्या पारितोषिकासाठी त्याचं नाव निघालं. पदकाचं त्याला फारसं अप्रूप नव्हतं. पारितोषिकाबरोबर पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं, आणि त्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

निवड समितीतले एक प्राध्यापक धुळ्याला आले होते. मुलाचं घर पाहावं म्हणून ते सोनगीरला उतरले. झिपरू शेतात होता. पुढचं मला शेजारणीनं सांगितलं. प्राध्यापक धुरपदाबाईला म्हणाले, "बाई, तुमच्या मुलासारखा मुलगा मी पाहिला नाही."

झालं! परका माणूस आणि एवढी मोठी स्तुती. नजर लागायच्या आत बाईनं तोंड उघडलं.

"कसाना भाऊ! त्याले छातीनं दुखनं शे. खोकलामा रगत पडस. कितला दिन काढी, देवले माहीत."

प्राध्यापकांनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

क्षयाच्या रोग्याला आम्लांच्या धुरात कोण घेणार? पारितोषिक दुसऱ्या मुलाला गेलं. प्राचार्यांनी झिपरूला कारण सांगितलं. हे कोण बोललं, ते त्याला विचारावं लागलं नाही. छाती धड असल्याचा डॉक्टरचा दाखला घेऊन तो पुण्याला गेला, तोवर दुसरा मुलगा रुजू झाला होता. माझं तर डोकंच फिरलं. म्हटलं, "घरी जा आणि सांग तिला, काय करून बसली ते!"

"नई," तो म्हणाला. "पहिली तीन पोरं मातीमा गाडेल शेतस तिनी."

मार्क कमी पडले, असं त्यानं घरी सांगितलं. "बरं व्हयनं," म्हणत तिनं त्याला आणखी एक भाकर वाढली.

पुढे झिपरू दोंडाईच्याला शाळामास्तर झाला. प्रयोगशाळा नव्हतीच, फळ्यावर खडूनं परीक्षानळी काढून तो शिकवायचा. १९६० साली धुरपदाबाईनं अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो, तर तिनं माझा हात घट्ट धरला.

"मना झिपरूले मीच जगाडं रे भाऊ. त्याले नजर लागू दिधी नई."

झिपरू तिचे पाय चेपत होता.

"हा माय," तो म्हणाला, "तूच जगाडं."