पार्किंगमधली लगोरी

माझी मुलगी टॅबवर गेम खेळायला बसली की मी हमखास सुरू व्हायचो. "आम्ही निफाडला शाळेतून आलो की दप्तर फेकून मळ्यात पळायचो. अंधारात चेंडू दिसेनासा झाला तरी घरी यायचो नाही." ती मान वर न करता "हो बाबा" म्हणायची. अंगाला घाम नाही, गुडघ्याला खरचटणं नाही, याला काय खेळ म्हणायचं, असं मी बायकोलाही ऐकवायचो.

एका रविवारी सकाळी मी तिचा टॅब कपाटात ठेवून दिला आणि तिला घेऊन आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो. आमच्या पाथर्डी फाट्याकडे बांधकामं काही संपत नाहीत. तिथले फरशीचे तुकडे आणून लगोरी रचली. "काका, हे काय?" म्हणत आणखी मुलं जमली. त्यांत तिसऱ्या मजल्यावरची दोन वेण्यांची एक छोटी होती, नुकतीच पहिलीत गेलेली. मी नियम सांगितले. एका गटाने चेंडूने लगोरी पाडायची आणि परत रचायची. रचताना दुसऱ्या गटाचा चेंडू लागला की आउट.

मुलांना मजा येत होती. मला जरा जास्तच. पण आमचा गट हरत होता. आधी मी हसलो, मग ओरडायला लागलो, "अरे पळा की! झोपलात का?"

शेवटच्या डावात त्या छोटीचा गट लगोरी रचत होता. बाकीची पोरं गाड्यांमधून धावत होती आणि ही एकटी उकिडवी बसून तुकड्यावर तुकडा ठेवत होती. शेवटचा तुकडा तिच्या हातात असताना चेंडू माझ्याकडे आला. ती अगदी माझ्यासमोर होती. नुसता टेकवला असता तरी पुरलं असतं. मी सगळा जोर लावून मारला.

चेंडू तिच्या कानावर बसला. आधी तिचा आवाजच फुटेना, मग ती कळवळून रडायला लागली. आणि मी दोन्ही हात वर करून ओरडत होतो, "आउट!"

माझ्या मुलीने धावत जाऊन तिला जवळ घेतलं. "बाबा," ती हळूच म्हणाली, "किती लहान आहे ती."

छोटीची आई खाली आली. "असू द्या हो, खेळताना लागतंच," म्हणाली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी धीर करून त्यांच्याकडे गेलो. माझी मुलगी आधीच तिथे होती, टॅब घेऊन. दोघी सोफ्यावर खेटून बसल्या होत्या, गाड्यांची शर्यत चालली होती. माझी मुलगी मुद्दाम आपली गाडी हळू करत होती आणि छोटी जिंकल्यावर तिच्याहून मोठ्याने ओरडत होती. ती असंही खेळते, हे मला माहीत नव्हतं. मी कधी शेजारी बसून पाहिलंच नव्हतं.

"सॉरी बेटा," मी म्हणालो. छोटी माझ्या मुलीला आणखी चिकटून बसली.

"पुढच्या रविवारी बाबांना घ्यायचं का?" माझ्या मुलीने तिला विचारलं.

तिने बराच विचार केला. "डाव्या हाताने टाकणार असतील तर."

मग रविवारी मी डाव्या हाताने टाकत राहिलो. चेंडू कुठल्या कुठे जात होता, पोरं हसत होती. छोटीही हसत होती, पण चेंडू माझ्या हातात आला की तिचा हात आपोआप कानावर जायचा.