‘पुट अप’ आणि वहिनींच्या पाटल्या

इंग्रजीने आमच्या घराचं जे नुकसान केलं, त्यात इंग्रजांचा काही दोष नाही. ते सगळं मी एकट्याने केलं.

त्या वर्षी विलायतेत कापसाचा दुष्काळ होता आणि वऱ्हाडात पैशाचा पूर! नांदगाव खंडेश्वरला थोरले दादा शेती बघत. मी अकोल्याच्या कचेरीत नकला उतरवत असे. (टापटीप हा माझा गुण. घरातल्या घागरींचीसुद्धा माझ्याकडे यादी होती!) कचेरीतला एक मद्रासी कारकून मला इंग्रजी शिकवायचा. सुट्टीत घरी आलो तेव्हा मी ‘पुट अप’पाशी अडकलो होतो. उभारणे, मुक्काम करणे, छत्री उघडणे, विकायला काढणे, भाव चढवणे... मी मोठ्याने घोकत होतो.

“एका शब्दाले एवढे अर्थ?” वहिनी म्हणाल्या. “मंग त्या सायबायचं त्यायले तरी समजते काय, भाऊजी?”

दुसऱ्या दिवशी कापसाच्या गाड्या अमरावतीला निघाल्या. कापूस चांगला गेला तर वहिनींना सोन्याच्या पाटल्या, असं दादांनी कबूल केलं होतं. म्हणून वहिनी गाडीत! गिऱ्हाईक गोरा साहेब, म्हणून मीही गाडीत! (मला कोणी बोलावलं नव्हतं.)

“चारच्या खाली देत नाई मी,” दादा वाटेत कुजबुजले. “पन तू तिथं तोंड उघडू नको.”

“मग साहेबाला समजेल कसं?”

“त्याले समजते!”

बाजारात पोचलो आणि मी थक्कच झालो. साहेब आणि दादा समोरासमोर बसले, हातांवर उपरणं टाकलं, आणि दोघंही गप्प! आमच्याकडे कापसाचा भाव असाच ठरतो. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबायची; तोंडातून शब्द नाही, म्हणजे शेजारच्या व्यापाऱ्यांना पत्ता नाही. साहेब ही रीत शिकून आला होता! माझ्या इंग्रजीला कुठे जागाच नव्हती.

इतक्यात दादांनी डोळे विस्फारले. मला वाटलं, साहेब नडतोय! वहिनींच्या पाटल्या डोळ्यांपुढे आल्या. मी पुढे झालो आणि गरजलो, “सर! पुट अप!”

साहेब बघतच राहिला. आता यातला कोणता अर्थ तो घेणार? छत्री उघडली तर? मुक्कामालाच आला तर? कामात घोळ नको, म्हणून मी हात उंच केला आणि चार बोटं दाखवली. सगळ्या बाजाराला!

सगळा बाजार वळून बघू लागला. जवळच रवंथ करणारा आमचा बैलसुद्धा थांबला, असं मला वाटलं.

“अबे!” दादा दात खात कुजबुजले. “तो पाच दाबून राहिला होता ना बे!”

साहेबाने हळूच आपलं पाचवं बोट काढून घेतलं. दादा ताडकन उठले, दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेले. त्याने उपरणं घेतलंच नाही. हसून नुसती चार बोटं वर केली. तिसऱ्यानेही तेच! शेवटी कापूस साहेबालाच गेला. चारने.

तेवढ्या पैशात एकच पाटली बसत होती. वहिनी पुढे वर्षभर तो एकच हात पदराबाहेर काढून गावात फिरल्या. मी सोबत असलो, की बायका मुद्दाम विचारत, “दुसरी पाटली कुठी हाय वं?”

वहिनी माझ्याकडे बोट दाखवत.

“हे काय, चालून राहिली ना माह्या मांगं! इंग्रजी बोलते!”