मोरचुदाचा खडा आणि सुधाकरची निळी बोटं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुमच्याजवळ तरी धड सांगता येईल का — बघू, सुरू तर करते.

आमची शाळा महाल भागातली, आणि मी तिथली सीआयडी. हसू नका! कुणाचा डबा कुणी खाल्ला, सरांच्या सायकलची हवा कुणी सोडली — सगळं मी शोधून काढायचे. बोटांना लागलेलं लोणच्याचं तेल, धुळीतले चपलांचे ठसे... काय मजा यायची! मुलं माझ्या मागे मागे फिरायची. आठवीतल्या मुलीला आणखी काय हवं?

आणि मग तो खडा नाहीसा झाला. मोरचुदाचा, गडद निळा. विज्ञानाच्या बाईंनी प्रदर्शनासाठी बरणीतल्या निळ्या पाण्यात दोऱ्याला टांगून वाढवलेला. दसऱ्याच्या आधीची गोष्ट. सोमवारी पाहिलं तर दोरा रिकामा. पाणी आटून अर्ध्यावर आलेली बरणी मात्र आता काठोकाठ. तिच्याकडे मी ढुंकून पाहिलं नाही — मला चोर हवा होता! वर्गात जाहीरच करून टाकलं, उद्या प्रार्थनेनंतर नाव सांगते.

दुपारी सुधाकरची बोटं दिसली. निळी! सुधाकर वर्गात पहिला येणारा. त्याची पाणचक्कीही प्रदर्शनाला जायची होती. शाळा सुटल्यावर लपतछपत त्याच्या वस्तीपर्यंत गेले. आणि तिथे काय? तो आणि त्याची आई चुन्यात नीळ कालवून घराची भिंत रंगवत होते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे गावाकडचे पाहुणे त्यांच्याकडेच उतरत, म्हणून ही तयारी. आईनं मला पाहिलं. म्हणाली, "बाहेर काहून उभी राहिली वं बाई? ये, बस." पाणी दिलं, मुरमुऱ्यांचा चिवडा दिला. मी खाल्ला, दुसऱ्यांदा मागूनही घेतला.

म्हणजे मला कळलं होतं — हे लक्षात घ्या. पुढे जे केलं ती नजरचूक नव्हती. पण उद्या सगळ्यांसमोर काय सांगायचं? नाही सापडला म्हणून? मी?

सकाळी मी सुधाकरचं नाव घेतलं. बोटं पुढे करायला लावली. एकच गलका झाला! तो बाईंना म्हणाला, आम्ही घर रंगवून राहिलो होतो. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "तू तं काल आली होती ना घरी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं.

पाणचक्की प्रदर्शनाला गेली नाही. दिवाळीनंतर सुधाकरही शाळेत आला नाही. पुढे कॉलेजात प्रयोग करताना साध्या पाण्यात मोरचूद विरघळताना पाहिला, आणि ती काठोकाठ बरणी आठवली. बरणीतलं पाणी कमी झालं म्हणून कुणीतरी भलेपणानं भर घातली असणार. चोर नव्हताच.

पण तेव्हाही मी गप्पच राहिले. त्याला शोधलं नाही — मी, जी सगळं शोधायची.

आणि सगळ्यात वाईट ते अजून राहिलंच. त्या "नाही"नंतर मला रडू आलं, झोप लागली नाही, असं काही झालं असेल, असं तुम्हाला वाटतंय का? नाही हो. टाळ्या पडल्या होत्या. मी खूश होते. घरी उड्या मारत गेले.