चुकीचा डॅनियल सलिव्हन

शिकागोत आमच्या लायब्ररीत दर मंगळवारी आडनावांचं टेबल लागतं. मी तिथं व्हॉलंटिअर. लोक पणजोबा शोधायला येतात आणि घरातली भांडणं सांगून जातात. असे किस्से साठत गेलेत. सगळेच हसत सांगता येत नाहीत.

*

टेबलाचा मुख्य टॉम, रिटायर्ड पोस्टमन. आयर्लंडमधल्या केरी परगण्याचा टी-शर्ट घातलेल्या एका सलिव्हन आडनावाच्या माणसाला तो म्हणाला, "तुम्ही मूळचे शेजारच्या टिपरेरीचे. इंग्लंडहून नॉर्मन सरदार आले आणि त्यांनी तुम्हाला केरीकडं हाकललं. पुढं बटाट्याच्या दुष्काळात कितीतरी जण बोटीनं इकडं अमेरिकेत आले."

"मग आम्ही नक्की कुठले?"

"जिथून शेवटचं हाकललं, तिथले."

*

एकदा दोन अनोळखी सलिव्हनांनी तासभर कागद जुळवले. एकमेकांना 'कझिन' म्हणू लागले. मग कळलं, दोघं एकाच रस्त्यावर राहतात. बर्फ उपसून पार्किंग अडवायला एकानं ठेवलेली खुर्ची दुसऱ्यानंच फेकली होती.

नातं तिथंच संपलं.

*

माझी मैत्रीण वैशाली टॉमला म्हणाली, "आमचं बरं. आडनावातच गाव असतं."

"कसं आहे तुझं गाव?"

"ते नवऱ्याचं. मी कुठं पाहिलंय?"

*

नोरा सलिव्हन चौऱ्याऐंशी वर्षांची. नजर अधू. वडिलांच्या अंत्यविधीवरून तिचं भावाशी, डॅनियलशी, भांडण झालं. तो आयर्लंडला, केरीत, निघून गेला. "त्यानं नको, मलाच सॉरी म्हणायचंय," ती म्हणाली. तिनं सांगितलं, मी पत्र लिहिलं.

केरीत दोन डॅनियल सापडले. डॅनियल मायकल आणि डॅनियल जॉन. नोराच्या वडिलांचं नाव मायकल. मी पहिल्याला पत्र टाकलं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचंच ना! तिकडं ते कुणाचंही असतं, संताचं, मामाचं. नोराला नुसतं विचारायचं होतं. विचारलं नाही, कारण मला ते माहीतच होतं.

दोन महिन्यांनी टॉमनं सहज तिला भावाचं पूर्ण नाव विचारलं. डॅनियल जॉन.

दुसरं पत्र धाडलं. उत्तर त्याच्या शेजारणीचं आलं. तो तीन आठवड्यांपूर्वीच वारला होता.

मी नोराला सगळं सांगितलं, माझी चूकही.

*

पुढच्या मंगळवारी चुकीच्या डॅनियलचं पत्र आलं. नोरा म्हणाली, वाच.

"मी तुमचा भाऊ नाही. पण पत्र अर्ध्यात ठेववलं नाही. माझीही एक बहीण आहे. बारा वर्षं आम्ही बोललो नाही. आज तिला फोन लावणार आहे."

नोरानं चष्मा काढून हातात धरला.

"उचलला का तिनं?"