चादर, साडी आणि एक काडी

जळणाऱ्या सुताला कागदाचा वास येतो. कोरडा, किंचित गोड, थंडीत पालापाचोळा पेटवल्यावर येतो तसा. राख इतकी हलकी की फुंकर घालण्याआधीच उडते. पॉलिस्टर मात्र जळत नाही, आक्रसतं. काळा धूर सोडत वितळतं आणि मागे उरतो एक कडक, काळा मणी, नखानंही न फुटणारा.

बुऱ्हाणपुरात, इतवारा मोहल्ल्यातल्या माझ्या आजोळी सुताचा व्यापार होता. आई फ्रॉकच्या वयापासून दुकानात बसून धागे जाळायची. कापड घेताना ती दुकानदाराच्या बोलण्याकडे आजही लक्ष देत नाही. एक धागा उपसते, काडी ओढते आणि नाक पुढे करते. एकदा आमच्या बैठकीत, मला पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर, त्यांनीच आणलेल्या साडीचा धागा तिनं जाळला होता. मणी निघाला. तो तळहातावर घेऊन तिनं मुलाच्या आईला दाखवला. ती साडी माझ्यासाठी आली होती. त्यानंतर माझ्यासाठी कुणी साडी आणली नाही.

अशा बाईला मी दोन हिवाळ्यांपूर्वी कोकणातल्या एका समुद्राकाठच्या हॉटेलात घेऊन गेले. लग्नानंतरच्या वर्षी ती आणि बाबा तिथे राहिले होते. तेव्हा ते कौलारू घर होतं, पुढे विहीर, मागे सुरूचं बन. आता त्याचं नूतनीकरण झालं होतं आणि फोटोंमध्ये ते दुधासारखं पांढरं दिसत होतं. आईनं एकदा, माझ्या एखाद्या गोष्टीला, चांगलं म्हणावं एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी इंदूरहून एक साडीही आणली होती: कच्च्या दुधाचा रंग, निळे काठ, शुद्ध सुती म्हणून दुकानदारानं गळ्याची शपथ घेतलेली. ती नेसून आई लाटांसमोर उभी राहील, हे चित्र मी कितीतरी दिवस मनात विणत होते.

दारातच मालकीणबाई सामोऱ्या आल्या. तिशीतल्या, नव्या उत्साहाच्या.

"आजी, दोघीच आलात?"

"हिला कोणी नाही आणि मला हीच आहे," आई म्हणाली. "मग दोघीच येणार ना."

खोलीत ताज्या रंगाचा तिखट दर्प होता आणि त्याच्याखालून, दाबून ठेवलेल्या खोकल्यासारखा, जुन्या ओलीचा वास येत होता. आईनं भिंतीला नख लावलं. पांढरा पापुद्रा तिच्या बोटावर आला.

"पुट्टी आहे नुसती. म्हातारीला पावडर लावून बसवली यांनी."

"आई, हळू बोल."

"हळू कशाला? पैसे हळू घेतले का?"

मग तिनं विहिरीचं विचारलं. मालकीणबाईंनी अभिमानानं सांगितलं की विहीर बुजवून तिथेच स्विमिंग पूल केला.

"गोडं पाणी बुजवलं आणि औषधाचं भरलं. हुशार आहात."

जेवताना सोलकढीचा एक घोट घेऊन तिनं वाटी सरकवली. "रंग छान आहे. चव नंतर आणून देणार का?"

वाढणारा माणूस हसला आणि मग, तिचा चेहरा पाहून, हसायचा थांबला.

संध्याकाळी सज्जात बसलो. ओहोटी लागली होती; ओल्या वाळूवर आकाशाचा जांभळा रंग पसरत होता आणि लांबवर लाट मोडण्याचा आवाज रेशीम फाडल्यासारखा येत होता. मी म्हटलं, "या एका दृश्यासाठी तरी यांना मानायला हवं."

"समुद्र यांनी नाही बनवला. त्याचे मार्क यांना नको देऊ."

तेव्हा मी साडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं काठ चिमटीत धरला आणि अंगठा फिरवला. एकदाच.

"कुठली?"

"इंदूरची."

"आपल्या बुऱ्हाणपुरात दिवसभर मागांचा खडखडाट, आणि साडी इंदूरहून. वा."

"उद्या समुद्रावर जाताना नेस ना."

"बघू."

"आई, एकदा नेस ना."

झोपताना तिनं साडी उशीजवळ घेतली. माझ्या आईच्या बाबतीत ही जवळजवळ माया होती. मी समाधानानं डोळे मिटले.

सकाळी जाग आली ती कागदाच्या वासानं. न्हाणीघराचं दार उघडं होतं. समुद्राचा वारा नको म्हणून आई बेसिनवर वाकून, पलंगाच्या चादरीचा एक धागा जाळत होती.

"ये, वास घे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर दुकानातली ती लहान मुलगी परत आली होती. "अस्सल सूत. मला वाटलं होतं, मणीच निघणार."

तेवढ्यात मालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "काही जळतंय का?"

"तुमची चादर," आई म्हणाली, आणि त्या घाबरायच्या आत तिनं त्यांचं मनगट धरलं. "चांगली आहे. भिंत फालतू, कढी फालतू, पण चादरीत बेईमानी नाही केली तुम्ही. इथं अंग टाकल्याचं सार्थक झालं."

त्या पोरीचे डोळे भरून आले. "आजी, सासूबाई नको म्हणत होत्या. धुण्या-इस्त्रीची कटकट. मी भांडून सुतीच घेतली."

आईनं तिच्या गालावर हात फिरवला. त्या तळहाताचा स्पर्श कसा असतो, हे मी दोन पावलांवरून पाहत होते. मला एका चादरीचा हेवा वाटला.

"मग आता साडीचंही बघ," मी म्हणाले. आवाजातला आत्मविश्वास मला स्वतःलाच ऐकू आला.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "राहू दे."

"नाही, बघच. यांच्यासमोर बघ."

"सांगते ना, राहू दे."

मी खोलीतून साडी आणून तिच्यापुढे धरली. तिनं पदराच्या टोकाचा धागा उपसला. काडी ओढली. धागा जळला नाही. स्वतःत मुरडला, काळा झाला, आणि पांढऱ्या बेसिनमध्ये टिक असा बारीक आवाज करून पडला. न्हाणीघरात प्लॅस्टिकचा उग्र वास कोंडला. मालकीणबाई हातातल्या कपांकडे पाहू लागल्या. बाहेर भरती चढत होती.

आईनं काडी नळाखाली विझवली, हात पुसले. मग तिनं साडी तिच्याच घड्यांवर सावकाश घडी केली, परत करायचा माल जसा करतात तशी, आणि माझ्या दोन्ही हातांवर ठेवली.

"तूच नेस."